जांभई

तो फोटो मी काढलेला.
तारामुंबरीला, कुबलांच्या मांगरात,
दुपारी दोनच्या सुमारास,
वारा पडला की जशी पडते तसली दुपार.

बोंडू जाळ्याच्या ढिगावर पसरला होता,
पिकल्या काजूच्या रंगाचा,
रुंद डोक्याचा, कापल्या कानांचा.
कान पुण्याच्या कुणीतरी कापून घेतले होते, रुबाबासाठी,
मग मे संपताना बंगल्याला कुलूप घातलं
आणि ह्याला फाटकाबाहेर ठेवलं.
शेवंती कुबल म्हणाली,
माका काय म्हायत पिटबुल नि काय,
कानाक तेल लावलंय, गप बसलो.

आदल्या रात्री सड्यावर एक शेळी मेली होती.
पेपरला कुत्र्याचा एखादा फोटो हवा होता.
मी फोकस जुळवला, आणि त्यानं जांभई दिली:
मोठी, सुस्त,
शेवटी गंजल्या बिजागरीसारखी करकरणारी.
करकर फोटोत येत नाही.

चार कॉलम. किनाऱ्यावर जबड्याची दहशत.
खालचा भाग त्यांनी कापला होता.
त्यात शेवंतीचा पाय होता
आणि पायावर त्याचा पंजा.

मला अडीचशे रुपये मिळाले.

जातच तसली,
असं जामसंड्याच्या बाजारात तिघांनी मला समजावलं.
तिघांनीही त्याला पाहिलं नव्हतं,
माझ्या फोटोत पाहिलं होतं.
शाळा सुटली की पोरं खिशात दगड घालून
मांगराच्या वाटेनं जायची.
लिलावात शेवंतीचे बांगडे उन्हं कलेपर्यंत टोपलीतच,
डोळे पांढरे होईस्तोवर.
चॅनलवाले आले, म्हणाले, जरा भुंकायला लावा.
बोंडूनं माइक हुंगला, त्याचा स्पंज चाटला.
रात्री टीव्हीवर तो भुंकला,
दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात.

पुढं वनखात्याला ठसे सापडले. बिबट्या.
ती बातमी सातव्या पानावर, निविदांच्या खाली,
दोन बोटं रुंद, फोटो नाही.
मी फोन केला, म्हटलं, फोटो आहे माझ्याकडे, अख्खा.
तिकडून विचारलं, त्यात नवीन काय?

अख्खा फोटो मोठा करून घेतला,
बारा बाय अठरा, कडेला पांढरी पट्टी,
आणि घेऊन गेलो.
शेवंतीनं ओल्या हातानं धरला, लांब केला, जवळ घेतला.
पाय माझोच हा, म्हणाली.
मग मिठाच्या पिंपावर झाकण नव्हतं, तिथं तो ठेवला
आणि वर दगड.

बोंडू उठून माझ्याकडे आला.
शेपूट हलत होतं, मागचं सगळं अंगच हलत होतं.
त्यानं तोंड उघडलं, कशासाठी कोण जाणे,
आणि माझा हात मागं आला.
आपोआप.
बातमी मीही वाचली होती.

शेवंतीनं पाहिलं.
काही बोलली नाही.
मांडीवरचं जाळं थोडं पुढं ओढलं
आणि भोक शोधू लागली.