सोमवार, गुरुवार

आई सोमवार धरायची, आणि गुरुवार.
मी त्या दोन दिवशी पट्टी बदलते.
कमरेखाली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे,
टपालाच्या तिकिटाएवढी,
कडेला टॉवेलचे निळे तंतू चिकटलेले.

इस्ट्रोजेन.
केमिस्टकडची इशबेल हे नाव हळू आवाजात घेते,
जणू कुणाचं लफडं सांगतेय.
मी मोठ्यानं विचारते, आलंय का?
मागच्या महिन्यात आमच्या रस्त्यावरच्या तिन्ही दुकानांत नव्हतं.

चाळीस वर्षं फुकट होतं,
तेव्हा कुणी विचारलं होतं त्याला?
मला वाटायचं, त्याचं काम तेवढंच,
महिन्याचं, आणि एकदा ऋत्विजचं.
हाडांतला चुना कोण राखत होतं,
रात्री दोन वाजता अंगाची धग कोण आवरत होतं,
हवा तो शब्द जिभेच्या टोकाशी कोण आणून ठेवत होतं,
ते गेल्यावर कळलं.
गॅसवर दूध वर आलं आणि मी हात हलवत उभी:
ते, ते, अरे ते, पातेलं धरायचं!
दूध गेलं.

जानेवारी, डंडी, उणे चार.
छातीपासून कानशिलांपर्यंत कुणीतरी चूल पेटवली
तशी उठून मागच्या दारी आले, अनवाणी,
दहिवरानं कडक झालेल्या गवतावर.
खाली टे नदी, काळी. पुलावर एक मालगाडी.
तळव्यांना काय बरं वाटलं!

कुंपणापलीकडे कुणीतरी होतं.
आयलीन, शाळेची बस चालवणारी,
नाईटगाऊनमध्ये, तीही अनवाणी.
अकरा वर्षं आम्ही बोललो ते फक्त
कुठल्या मंगळवारी कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा, एवढंच.
ती म्हणाली, तुझंही?
मी म्हटलं, हो.
मग दोघी वाफाळत उभ्या राहिलो,
दोन किटल्या.

तेव्हा आठवलं:
सावर्ड्याला, मध्यरात्री, मोरीत
आई मानेवर तांब्यामागून तांब्या ओतून घ्यायची.
दिवसा उगाच वसकायची.
आम्ही म्हणायचो, हिचा स्वभावच बदलला.
अण्णा म्हणायचे, उपासाचं पित्त.
तिनंही मान डोलावली, साबुदाणा कमी केला.
तिचं मनगट पहिल्यांदा मोडलं
ते नुसतं पाटावरून उठताना.

आज गुरुवार.
जुनी पट्टी सोलली, मागे एक चिकट चौकोन.
खोबरेलाच्या बोटानं तो पुसता पुसता,
न बोलावता,
सांडशी.
मोठ्यानंच म्हणाले, न्हाणीघरात, एकटी.
पट्टीमुळे आली की अशीच, देव जाणे.
दूध मी आता मायक्रोवेव्हमध्येच तापवते.