निरंक

होटगी रोडला कल्याणप्पाच्या आवारात
ग्रॅनाइटच्या लाद्या एकमेकींना टेकून उभ्या,
पंगत उठल्यावर घासून ठेवलेल्या ताटांसारख्या.
श्रीलता त्यांच्या फटींमधून अंग चोरत चालते,
मी मागे बॅटरी धरून.
कल्याणप्पा विचारतो, ओट्याला पाहिजे का?
नाही, डाग बघायचेत.
डागाचा माल स्वस्तात देतो की, तो म्हणतो
आणि खुर्ची सावलीत ओढून घेतो.

काल रात्री तिनं मला समजावलं होतं,
ताटातला भाकरीचा चुरा बोटानं गोळा करत :
दिसतं त्याच्या पाचपट न दिसणारं आहे, नान्ना.
कशाचं, ते कुणाला ठाऊक नाही.
असतील कदाचित घट्ट गोळे,
वजन ज्वारीच्या पोत्याचं, आकार मोहरीहून बारीक,
वेग असा की 'सोलापूर' म्हणेपर्यंत पुणं मागे पडलेलं.
असा एक जरी दगडातून गेला
तर वाटेपुरता दगड वितळेल, पुन्हा थिजेल,
आणि लादी कापली की दोन्ही तोंडांवर
एकेक गडद लंबगोल.
हा दगड शंभर कोटी वर्षांहून जास्त जागा आहे.
कुणी विचारलंच नाही त्याला, काय काय गेलं म्हणून.

मला माझ्या परीनं कळलं.
एकतीस वर्षं मी चादरी तपासल्या.
काचेखाली ट्यूबलाइट, काचेवरून कापड ओढायचं,
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा,
तेलाचा थेंब, मागाच्या दातानं धरलेली गाठ.
डोळ्यांना सवय अशी लागली
की देवळातसुद्धा आधी पडद्याची शिवण दिसायची.

अकराव्या लादीवर ती थांबली.
सुपारीएवढा, काळा, थोडा लांबट.
बॅटरी माझ्या हातात हलली, तिच्या डोळ्यांत नाही.
उलटी करा, ती म्हणाली.
चार हमाल, दोरखंड, मौलाचाचाच्या शिव्या,
चहाचे पैसे वेगळे.
मागची बाजू
स्वच्छ.
अभ्रकाचा ठिपका होता. दगडाचा स्वतःचाच.
ती हसली नाही, रडली नाही, खडूनं फुली मारली
आणि बाराव्या लादीकडे वळली.
त्या वेळी ती माझी मुलगी आहे हे
मला नव्यानं पटलं.

संध्याकाळपर्यंत दोनशे सहा लाद्या.
मी म्हटलं, काहीच नाही सापडलं, आता काय लिहिणार?
म्हणाली, हेच.
इतके चौरस मीटर, इतकी वर्षं, एकही नाही.
म्हणजे गोळे असलेच तर इतक्याहून विरळ.
मग आलेखावर एक रेघ येते
आणि रेघेच्या एका बाजूचा भाग रंगवून टाकतात :
इथे शोधू नका, इथे बघून झालंय.

माझ्या वहीतही तोच रकाना होता. दोष : निरंक.
त्यावर मुकादम सही करायचा, गठ्ठा बाहेर जायचा,
आणि माल चांगला निघाला
तर शाबासकी मागवाल्याला.
ते बरोबरच होतं म्हणा.

एक गोष्ट तिनं जाता जाता सांगितली,
ती मात्र मला झोपू देईना.
माणसंसुद्धा लादीसारखीच, नान्ना.
इतके लोक, इतकी वर्षं,
कुणाच्या अंगातून असं काही आरपार जाऊन
तो मेल्याची नोंद कुठे नाही.
तोही पुरावाच धरतात.

मे महिना. अशोक चौकाच्या मागे
सगळ्या गच्च्यांवर अंथरुणं पडलेली.
शेजारच्या गज्जमांची सहा, आमची चार,
पलीकडे विडीवाल्या बायकांची रांग, पंखा नाही,
लेकरं उताणी, पोटं उघडी.
अख्खं गाव आभाळाखाली पसरून ठेवलेलं
आणि वर कुणीतरी काच धरलेली.

पहाटे चारला पाण्याची मोटर सुरू झाली.
मी मान उचलून मोजलं.
चारही जण श्वास घेत होते.
बोटानं सतरंजीवरच लिहिलं :
माणसं चार, तास सात,
आणि पुढचा शब्द
लिहिताना हात थोडा थांबला.