एक तास मागे

फोनवर म्हणाली, "वीस मिनिटांत मरतो.
रोज. ठरल्यासारखा.
बहीण दुखणी सांगत जेमतेम गुडघ्यापर्यंत आलेली असते
आणि हा काळाठिक्कर."
मी विचारलं, काही केलंत का त्याला?
"काही नाही केलं गं. हातसुद्धा नाही लावला."

पुंता आरेनासमध्ये बारा वर्षं मी घरोघरची यंत्रं उघडते आहे
आणि आजवर कुणीही
काहीही केलेलं नाही.
सूप आपणहून कीबोर्डात उतरतं.
फायली रात्री उठून कुठेतरी निघून जातात.
पासवर्ड स्वतःच स्वतःला बदलून घेतो.

जून महिना. सकाळचे दहा, आत्ताशी उजाडत होतं.
वारा असा, की कोपऱ्यावर बांधलेला दोर धरून
पिशवी पोटाशी घेऊन वळले.
पिशवीत ब्रश, थर्मल पेस्टची ट्यूब, चार जातींचे स्क्रू
आणि एक खोडरबर,
ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त पैसे कमावलेत.
(मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात घासायचे, परत बसवायचे.
गिऱ्हाइकासमोर मात्र जरा गंभीर राहायचं.)

दोन्या एदुविना बार्रीआने दार उघडलं ते दोन्ही हातांनी,
वाऱ्याशी भांडत.
शेगडीवर किटली. टेबलाखाली कॉम्प्युटर,
त्याच्यावर लोकरीची टोपली,
त्याच्या पाठीला टेकून मांजर.
"तिथे ऊब असते," ती म्हणाली.
असणारच, बाई.
निदान तिथेच संपलं होतं.
पण लगेच सांगितलं तर लोकांना वाटतं
हिने काही पाहिलंच नाही.
म्हणून आधी केबली हलवल्या,
प्लग काढून लावला, व्हायरस शोधला.
भाच्याने तर दोनदा
विंडोजच नव्याने टाकून दिलं होतं:
रोग रेड्याला, इंजेक्शन पखालीला.

मग स्क्रू काढून बाजूचं झाकण उतरवलं.

आत एक मेंढी होती.
म्हणजे, जवळजवळ.
पंख्याच्या पात्यांत, हीटसिंकच्या फटीफटींत
करडी, दाट, नीट पिंजलेली.
ही शेजारी बसून कातत राहिली सहा हिवाळे,
हा श्वासाबरोबर आत ओढत राहिला,
आणि गुदमरला की शहाण्यासारखा
आपणच डोळे मिटत राहिला.
चिमट्याने ओढली. एकाच तुकड्यात आली, चपलेएवढी.
कचऱ्याच्या डब्याकडे हात नेला तर
"टाकतेस काय?" तिने माझं मनगट धरलं.
लोकर उजेडाकडे धरली, बोटांत चोळली, वास घेतला.
"चांगली आहे. धुवावी लागेल."

पेस्ट बदलली. पंखा बोटाने फिरवला, फिरला.
चालू केला, तासभर चालू ठेवला,
तरी अंग इतकं थंड
की मांजर उठून गेलं.

निघताना पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं. एक तास मागे.
ही इथली जुनी तक्रार: देश हिवाळ्यात काटे मागे घेतो,
आमचं हे दक्षिण टोक घेत नाही,
आणि जुन्या यंत्रांना ते कुणी कळवलेलं नाही.
तीन क्लिकचं काम. माऊस धरला.
"ते राहू दे."
चुकीचं आहे, म्हटलं.
"कास्त्रोत बरोबर आहे.
एर्मेलिंडाच्या स्वयंपाकघरात आत्ता तेवढेच वाजलेत.
भिंतीवरचं माझं. हे तिचं."

मी माऊस सोडला.
बिलावर लिहिलं:
पंखा साफ. पेस्ट नवी.
घड्याळ तपासलं, ठीक.

ऑगस्टमध्ये मोजे आले, वर्तमानपत्रात गुंडाळून.
पांढरे. डाव्या टाचेत एक करडी रेघ.
पाय तिथे जास्त ऊबदार राहतो
असं काही मी म्हणणार नाही.
डावा जरा मोठा झालाय.