चिलापी आणि चिरूट

रात्रपाळी संपवून आम्ही थेट तळ्यावर.
अंगाला अजून स्पिरिटचा वास,
तेरेसिताच्या गाडीत मागच्या सीटवर दोन गळकाठ्या,
एक शिळा खबूस, थर्मासात ताक,
आणि तिच्या पर्समध्ये, जपमाळेशेजारी,
केळीच्या सोपात गुंडाळलेले चार चिरूट.

अल ऐन मागे राहिलं. हफीतचा डोंगर
उघड्या पाठीसारखा उन्हाकडे वळला.
मग वाळू. मग वाळूच.
मग एकदम बोरूची बेटं, आणि पाणी.

या पाण्याला नदी नाही, पाऊस नाही.
समुद्रातून उपसलं, त्यातलं मीठ काढून घेतलं,
शहरानं अंघोळी केल्या, बागा पिऊन झाल्या,
उरलंसुरलं गाळून इथे सोडलं
आणि कुणी न सांगता त्यात मासे झाले.

मी भिगवणच्या खालच्या अंगाची. भोयाची.
नाना होडी वल्हवायचे, भाऊ जाळं टाकायचा,
मी काठावर, काट्यापाशी,
कोपरापर्यंत खवले, परकराच्या ओट्यात सुट्टे पैसे.
जाळं पोरींनी धरू नये असं कुणी म्हणालं नव्हतं.
कुणी हातात दिलं नव्हतं, एवढंच.

तेरेसिता खबूस थुंकीनं मळते, गोळी गळाला लावते,
मग चिरूट पेटवते, दोन झुरके मारते
आणि जळतं टोक उलटं फिरवून
सरळ तोंडात घेते.
मी ओरडलेच.
ओठ मिटून हसली ती, नाकातून धूर आला.
मग काढून म्हणाली, "आजी अशीच ओढायची, भात लावताना.
पावसात विझत नाही, राख चिखलात पडत नाही,
आणि तोंड बंद, म्हणून सासूशी भांडण नाही."
हा चिरूट तिच्या बापानं वळलेला,
कागायानच्या काठी, स्वतःच्या मांडीवर.

मी आपली सरळ बाजूनं.
"छातीत नको घेऊस. तोंडात ठेव, पाहुणा ठेवतात तसा,
आणि जाऊ दे."
तरी ठसका लागलाच. डोळे भरले,
आणि त्या भरल्या डोळ्यांपुढेच तरंगी बुडाली.

काठी वाकली. चिरूट दातांत धरून उभी राहिले.
वर आली ती चिलापी.
इथे हिला बुलटी म्हणतात.
तेच राखी अंग, तोच काटेरी कणा,
तोच भाडं थकल्यासारखा रागीट जबडा.
नाना हिला शिव्या घालायचे:
"उपरी मेली. कुणी बोलावली होती?
रोहू-कटल्याची अंडी खाल्ली, अख्खं धरण बळकावलं."
आणि तिच्याच पैशातून
माझ्या नर्सिंगची फी भरायचे.

खायची नाही ही. पाणी कुठून येतं ते ठाऊक आहे;
आमच्या वॉर्डातल्या चादरीही असतील त्यात.
गळ काढला. टोचलेल्या जागी
अंगठा दाबून धरला, सवयीनं,
सुई काढल्यावर कापूस दाबतात तसा.
मग सोडली.

दुपारी नानांना फोन लागला.
"किती भरला असता?"
"पाऊण किलो."
"तिकडं भाव काय?"
"सोडला."
बराच वेळ फक्त त्यांच्या पंख्याचा आवाज.
मग, "घसा कसला बसलाय गं तुझा?"
"काही नाही. वाळू उडते इथं."

तेरेसिताला मराठी येत नाही.
ती ओठ मिटून तरंगीकडे बघत होती,
आत विस्तव धरून.