काठीवर दोन खाचा

कुडचड्याच्या शोरूममध्ये मी बांबूची काठी घेऊन गेले.
दारावरचा पोरगा हसला. हसू दे.
काठीवर दोन खाचा होत्या, कोयतीने पाडलेल्या:
एक, विहिरीचा कठडा आणि चिऱ्यांचा गडगा
यांच्या मधल्या वाटेची,
दुसरी पोफळींच्या दोन ओळींमधली,
मिरवेलींनी जिथे ऐसपैस कोपरं पसरलीत
लग्नातल्या पाहुण्यांसारखी.

आग्नेलने विचारलं, किती हॉर्सपॉवर हवी?
मी म्हटलं, आधी रुंदी.

सगुण, माझा दीर, बरोबर होता.
बारा वर्षं खाणीवर त्याने दहा चाकी हाकली.
खाण थांबली तेव्हापासून ट्रक अंगणात आहे,
टपावर कोंबड्या निजतात
आणि हा दर रविवारी टायरांची हवा बघतो.
छोट्या लाल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला,
"हें खेळणें! वहिनी,
हा ओंडका ओढील, की ओंडका ह्याला ओढील?"

प्रश्न चांगला होता. मी वहीत लिहून घेतला.

कारण माटीचं झाड आषाढात पडलं ते आडवं,
नेमकं पाटाच्या वाटेवर.
बुधो आणि त्याचे तीन मेहुणे,
एक दोर, चार पहारी, जळवा मोजल्या नाहीत,
तीन दिवसांत ते अकरा फूट सरकलं.
चौथ्या दिवशी बुधोने बिडी पेटवली,
झाडाकडे बघून म्हणाला, आता हें हांगाच बरें.

आग्नेलने आधी निळा दाखवला. बावन्न हॉर्सपॉवर,
वर छत, सीट अशी की खुर्सावर बसल्यासारखं वाटावं.
मी काठी मागच्या चाकांना आडवी लावली.
दोन्ही बाजूंनी वीतभर चाक बाहेर.
विहिरीने तो निळा गिळला असता,
छतासकट.

मग लाल. चोवीस. चारही चाकं ओढणारी.
काठीच्या आत बसला, वर चार बोटं जागा.
सगुण काही न बोलता खाली झोपला,
फरशीवर पाठ टेकून, शर्ट नवा असताना,
बराच वेळ नुसते पाय दिसत होते.
बाहेर आला तो हाताला ग्रीस
आणि बारा वर्षांपूर्वीचं तोंड घेऊन.
"सकयल्यान बरो आसा," म्हणाला.

नंतर आग्नेलला नाही, मला सांगितलं,
साखळी कायम खाली बांधायची, आसाच्याही खाली.
उंच बांधलीस तर ओंडका जागचा हलत नाही,
तोंड आभाळाकडे जातं
आणि वर बसलेला माणूस खाली.
खाणीवर एकदा पाहिलंय.
कोण, ते मी विचारलं नाही.
त्याने रुमालाने एकेक बोट पुसलं.

छत नको, म्हटलं. त्या पैशात
पुढच्या बाजूची वजनं द्या, आणि साखळी, जाड.
आग्नेलने डोकं खाजवलं, बँकेचे कागद काढले,
मी प्रत्येक पान वाचलं. पंख्याखाली
दीड तास. सगुण दोनदा चहा प्यायला.

रिवणला आणला त्या सकाळी
विहिरीपाशी सगळे श्वास आत घेऊन उभे,
जणू आम्ही बारीक झालो तर तोही होईल.
गेला.
सगुण पहिल्या गिअरमध्ये,
खाणीवर कधी न गेलेल्या वेगाने,
मान मागे वळवून, ओठ दाताखाली.
साखळी ताणली, कुरकुरली,
पुढची चाकं जमिनीवरच राहिली,
आणि माटी निघाली, चिखलात नांगरासारखी रेघ ओढत.
तिच्या खाली गवत पांढरंफटक,
एक खेकडा उजेडाला नांगी दाखवत उभा.

पाट वाहायला लागला तसा बुधो म्हणाला,
इतकेंच कामाचें, मग आमी कित्याक मेले?
मी म्हटलं, थांब.

फणस अजून पडलेला आहे, पाटापलीकडे.
तिथे साकव दोन माडांच्या खोडांचा.
तिथे काठी लावून पाहायचीही गरज नाही.
तिथे दोर लागेल, तीन मेहुणे,
आणि मोठ्याने शिव्या देणारं कोणीतरी.