बुदैयाची देवडी

खजुरीची बाग केव्हाच विकली गेली.
उरली आहे ती नुसती देवडी.
मी नकाशात लिहिलं, "प्रवेशगृह, गॉथिक धाटणी."
राखणदार अब्बास तिला म्हणतो बैत अश्-शोक,
काट्यांचं घर.

काटे म्हणजे शिखरं, दोन, टोकदार.
आणि छप्पर असं उतरतं
की वर साचलेला बर्फ घसरून पडावा.
इथे बर्फ दिसतो तो मासळीबाजारात,
हमूरच्या पोटाखाली.

मालक मोत्यांचा व्यापारी.
एका हंगामात मुंबईला गेला, मोती विकले,
आणि कुठल्याशा कचेरीसमोर
तीन दुपारी मान वर करून बसून राहिला.
परतताना गलबतात चढवलं
मलबारी साग, निळी काच
आणि एक पाथरवट.
काचेची किंमत वहीत आहे,
पाथरवटाचं नाव नाही.

दगड समुद्रातला, पोवळ्याचा, जाळीजाळीचा.
छिन्नी लावली की बिस्किटासारखा तुटतो.
तेव्हा पानं, फुलं, द्राक्षांचे घोस,
सगळं गचात ओतलेलं.
भिंतीला बाहेरून दिलेले मोठे टेकू
मी बोटानं वाजवून पाहिले.
पोकळ. कशालाच टेकू देत नाहीत.
चित्रात होते म्हणून आहेत.

टोकदार कमानीपाशी मात्र अब्बास हसत नाही.
"ही आमचीच," म्हणतो, "गावभर आहे."
खरंच आहे. पलीकडच्या गल्लीत,
मशिदीच्या वजूच्या जागेवर, हीच कमान.
तिला कुणी गॉथिक म्हणत नाही एवढंच.

पागोळीच्या कोपऱ्यावर
पाणी ओकणारं एखादं जनावर हवं होतं मालकाला.
त्यानं तोंड वेंगाडून दाखवलं असेल.
पाथरवटाला कळलं ते त्यानं केलं:
कीर्तिमुख.
देवळाच्या उंबऱ्यावरचं,
स्वतःचं अंग खाऊन नुसतं डोकं उरलेलं.
जबड्यात पन्हळ बसवली.
वर्षातून चार-पाच दिवस ते पाणी ओकतं,
बाकीचे दिवस धूळ गिळतं.

"उत्तरेच्या भिंतीला मुंग्या लागतात," अब्बास म्हणाला,
"दर उन्हाळ्यात. बापाच्या वेळेपासून."
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ओल?

मग जिन्याखाली टेप लावताना
कोपर लागून गिलाव्याचा पोपडा निघाला.
मागे कोळशानं लिहिलेल्या चार ओळी, मोडीत.
हात न उचलता लिहिलेली अक्षरं,
एकीच्या पदराला दुसरीची गाठ.
माझीच भाषा. मला एक शब्द लागेना.
अब्बास म्हणाला, "वाच की."
मी म्हटलं, "उजेड कमी आहे."

फोटो मिरजेला पाठवला, विंझे मास्तरांना.
दोन दिवसांनी त्यांचा आवाज आला,
आधी खोकला, मग सावकाश:

गूळ सरला.
चुन्यात खजुराची काकवी घातली. चालेल.
खिडकी एक राहिली, काच फुटली.
पौर्णिमेला गलबत.

"खाली अजून काहीतरी आहे," मास्तर म्हणाले,
"नाव असेल, किंवा नुसताच हिशेब.
फोटो नीट काढ रे."
तोवर पोपड्याची कड हातानं पुसली गेली होती.
माझ्याच.

संध्याकाळी भिंतीपाशी गेलो.
मुंग्यांची रांग कमानीच्या एका बाजूनं चढत होती,
दुसऱ्या बाजूनं दुसरी,
आणि टोकावर, जिथे दोन्ही बाजू भेटतात,
डोक्याला डोकं लावून क्षणभर थांबत होती.

मी अब्बासला सगळं सांगितलं:
चुना, गूळ, काकवी,
गोड आहे तुझी भिंत, शंभर वर्षं.
त्यानं ऐकून घेतलं.
बोट ओलं केलं, भिंतीवर घासलं,
चाखलं.
"मीठ," म्हणाला.