बेरीज चोवीस

माझगावला चार तळघरांचा एक खड्डा आहे,
तळाशी काळा पाषाण, भिंतीतून झिरपणारं खारं पाणी.
तिथे एक पोकलेन संध्याकाळपासून गप्प उभं.
सुपरवायझर डोंगरदिवे फोनवर म्हणाले,
"वर्षात बॅटऱ्यांची तिसरी जोडी, दुसरा अल्टरनेटर.
आता तुम्हीच बघा मॅडम, नाहीतर कंपनीवाला येईल
आणि अख्खं वायरिंग बदला म्हणेल."

एकशे तीन पायऱ्यांचा लोखंडी जिना.
गळ्यात मीटर, पाठीवर टेस्टिंगची बॅटरी, नऊ किलो.

चावी फिरवली. टक्.
परत फिरवली. टक्.
पडद्यावर कोड: व्होल्टेज कमी.
कोड नुसती तक्रार सांगतो,
कुणाची ते सांगत नाही.

वडील भाऊच्या धक्क्यावर बोटींचे डायनॅमो दुरुस्त करायचे.
म्हणायचे, बदलायची घाई नको, आधी विचार.
आणि विचारायचं तेही वजन टाकून.
ओझं नसताना सगळेच पैलवान.

म्हणून दिवे, वायपर, भोंगा, सगळं चालू केलं
आणि अर्थिंगच्या पट्टीला दोन्ही टोकांनी टोचलं.
शून्य पॉइंट एक. निर्दोष.
खाऱ्या पाण्याच्या जागी माझा संशय तिच्यावरच होता.
मनातल्या मनात तिची माफी मागितली.

मग सगळं बंद करून दोन बॅटऱ्या मिळून: चोवीस पॉइंट तीन.
बेरीज ठीक.
बेरीज ठीक होती म्हणूनच
माझ्याआधीच्या तिघांनी इथे झाकण लावून टाकलं असणार.

एकेकीला वेगळं विचारलं.
पलीकडची बारा पॉइंट नऊ,
अंग तापलेलं, पाणी आटलेलं, सडक्या अंड्याचा वास.
अर्थिंगकडची अकरा पॉइंट चार.
एकीला उकळेपर्यंत मिळतंय,
दुसरीचं पोट कधी भरलंच नाही,
आणि दोघी मिळून चोवीस.

उरणला आईचं सगळं माझी बहीण बघते.
मी दर महिन्याला पैसे पाठवते.
लोक म्हणतात, पोरींनी छान सांभाळलं.

दोघींना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवरून
एक लाल वायर निघाली होती, बारीक,
कारखान्याची नव्हे.
तिचं बोट धरून गेले:
सीटखालून, मॅटखालून, चहाच्या डागांवरून,
गुंडाळून ठेवलेल्या घोंगडीमागे
एका पंख्यापाशी. बारा व्होल्टचा.
एक पातं सुतळीनं बांधलेलं, तरी फिरणारा.

म्हाळाप्पा कोकरे, तालुका जत, बुटांकडे बघत म्हणाला,
"रातीला मशीनपाशीच झोपाय सांगत्यात.
साठ फूट खाली वारं येत न्हाई, ताई.
चोवीसचा पंखा गावला न्हाई,
म्हणून निम्म्यातनं घेतलं."

जंपर लावून इंजिन उठवलं.
अठ्ठावीस पॉइंट दोन. अल्टरनेटर ठणठणीत.
म्हणजे भंगारात गेला तोही बहुतेक ठणठणीतच होता.

इंजिन बंद केलं. लाल वायर काढली.
पंखा थांबला,
आणि हा खड्डा किती बंद आहे ते मला तेव्हा कळलं.
माझ्या कानामागून घाम निघाला तो मानेपर्यंत.

उद्या लॅमिंग्टन रोडवरून कन्व्हर्टर आणीन,
दोघींकडून सारखं घेऊन बारा देणारा.
उद्या.
दुरुस्ती बरोबर झाली होती
आणि आज रात्रीपुरती त्याची हवा मी तोडली होती.

जॉब कार्डावर एक रकाना असतो,
"बिघाडाचं कारण", दीड ओळीचा.
मी लिहिलं: खाली वारं येत नाही.

टेस्टिंगची बॅटरी पंख्याला जोडून दिली.
म्हाळाप्पा काही बोलला नाही.
सुतळीची गाठ तेवढी घट्ट केली.

नऊ किलो हलकी होऊन जिना चढत होते,
साठाव्या पायरीवर रेंज आली
आणि तिच्यासोबत डोंगरदिवे:
"मॅडम, सापडलं का?
अल्टरनेटरच ना?"